चुनखडीच्या डोंगरातली पायवाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला निरोप पाठविला की, तुम्ही विलायतेत चार महिने राहून आलात, तेव्हा वर्धापनदिनाला तिकडचे चार शब्द सांगा. आता लंडनचा राजवाडा आणि टेम्स नदीवरचा पूल यांची हकीकत सांगून मी आपला वेळ घेणार नाही. ती चित्रे आपण घरबसल्या पुष्कळदा पाहिली आहेत. मी आज एका पायवाटेविषयी बोलणार आहे. ती वाट चुनखडीच्या डोंगरातून जाते, आणि चुनखडी म्हटले की आपल्या चंद्रपूरकरांना ती काही परकी नाही. गडचांदूर, आवारपूर, नारंडा, उपरवाही या बाजूला आपण सिमेंटचे कारखाने पाहतो, ते तिच्याच जिवावर उभे आहेत. आपल्या वीज केंद्राची राखसुद्धा सिमेंटमध्ये मिसळली जाते. तेव्हा ऊर्जानगरचा आणि त्या दगडाचा संबंध तसा घरोब्याचाच म्हणायचा.

माझे चिरंजीव इंग्लंडमध्ये लीड्स या शहरी नोकरीला आहेत. यजमान गेल्यानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. घरात सूनबाई आणि तीन वर्षांचा नातू. मुलाची इच्छा अशी की, आईने आता तिकडेच राहावे. "आई, चंद्रपुरात एकटी राहून करणार काय?" हा त्याचा रोजचा प्रश्न. मला उत्तर माहीत होते, पण ते तोंडातून निघत नव्हते. मुलगा मायेने बोलावीत असता "मला नको" म्हणणे किती अवघड असते, हे ज्यांची मुले परदेशी आहेत त्या भगिनींना मी वेगळे सांगायला नको. सूनबाईंशी माझे भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते. स्वयंपाकघरात दोघी असल्या म्हणजे मिक्सरचा आवाज तेवढा होई.

सूनबाईंना चालण्याचा नाद आहे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "आई, तुमचे गुडघे आखडतात, डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे. माझ्याबरोबर चार दिवस डोंगरात येता का? मुलाला हे सांभाळतील." मूल चार दिवस बापाच्या स्वाधीन करायचे आणि सासूसुनांनी डोंगर चढायला जायचे, हे ऐकून मी चाटच पडले. पण होय म्हणून गेले खरी. साडीऐवजी सलवार-कमीज, पायात सूनबाईंनी आणून दिलेले घोट्यापर्यंतचे बूट, पाठीवर पिशवी, आणि पिशवीत माझ्या हातच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या व शेंगदाण्याची चटणी, असा आमचा सरंजाम होता.

ज्या वाटेवर आम्ही गेलो तिचे नाव पेनाइन वे. ही इंग्लंडमधली पहिली अधिकृत लांब पल्ल्याची पायवाट. डर्बीशायरमधल्या ईडेल गावापासून ती निघते आणि पेनाइन डोंगराच्या कण्यावरून उत्तरेला जात जात स्कॉटलंडच्या हद्दीतल्या कर्क येथम गावी संपते. लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर. आळंदीहून पंढरपूरची वारी सुमारे अडीचशे किलोमीटरची. त्यावरून अंदाज करावा. पुरती वाट चालायला लोकांना अडीच-तीन आठवडे लागतात. आम्ही तिचा यॉर्कशायरमधला लहानसा तुकडाच चाललो, सारा मिळून पंचावन्न-साठ किलोमीटर. पण चुनखडीचा प्रदेश नेमका त्याच तुकड्यात आहे.

पहिल्या दिवशी लीड्सहून आगगाडीने गारग्रेव्ह या लहानशा स्टेशनावर उतरलो आणि एअर नदीच्या काठाकाठाने मॅलम गावापर्यंत दहा-अकरा किलोमीटर चाललो. वाट सपाट, हिरव्या कुरणांतून जाणारी. नवल वाटले ते एवढेच की, ही कुरणे खाजगी मालकीची! शेताला दगड नुसते रचून घातलेली, चुना-माती न लावलेली गडगी. गडग्यात मधूनमधून दगडी पायऱ्या बसविलेल्या. त्या चढून पलीकडे उतरायचे, फाटक लागले तर उघडून पुन्हा नीट लावून घ्यायचे, की शेतकऱ्याची तक्रार नाही. खांबावर ओक झाडाच्या फळाचे लहानसे चिन्ह रंगविलेले असते. ते दिसले की समजावे, वाट बरोबर आहे. परक्याच्या शेतातून जाताना पहिले दोन तास मी अंग चोरून चालत होते. सूनबाई म्हणाल्या, "आई, निवांत चला. ही वाट नकाशावर नोंदलेली आहे. इथून चालण्याचा आपला हक्क आहे."

तो शब्द माझ्या मनात राहिला. वाटेवर चालण्याचा हक्क! संध्याकाळी खानावळीत बसल्यावर मी त्यांना खोदून खोदून विचारले, आणि मागाहून स्वतःही वाचून घेतले. ती हकीकत आपण ऐकावी अशी आहे.

शंभर वर्षांपूर्वी हे डोंगर मोकळे नव्हते. जमीनदारांनी पुष्कळसे माळ शिकारीसाठी राखून ठेवले होते. मॅंचेस्टर आणि शेफिल्डच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर राबणारी माणसे रविवारी मोकळ्या हवेला म्हणून डोंगराकडे यावीत, तर राखणदार काठ्या घेऊन उभे. अखेर २४ एप्रिल १९३२ रोजी काही शेकडा तरुण मंडळी ठरवून किंडर स्काउट या बंदी असलेल्या डोंगरावर चढून गेली. त्यांपैकी पाचजणांना तुरुंगवास झाला. आपल्याकडे १९३० साली जंगल सत्याग्रहात लोकांनी राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला होता. त्याची आठवण होते.

पुढे १९३५ साली टॉम स्टीफन्सन नावाच्या पत्रकाराने वर्तमानपत्रात लेख लिहिला की, आपल्या देशातही एक लांब हिरवी पायवाट हवी. या लेखाचे निमित्त मोठे गमतीचे आहे. अमेरिकेतल्या दोन मुलींनी त्याच्याकडे विचारणा केली होती की, आमच्याकडे ॲपलाचियन ट्रेल म्हणून लांब पायवाट आहे, तशी तुमच्याकडे कोणती? सांगण्यासारखी एकही नव्हती! दोन मुलींनी साधा प्रश्न विचारला आणि त्यातून एवढे मोठे काम निघाले. १९४८ साली स्टीफन्सनने पार्लमेंटच्या काही सभासदांना पेनाइन डोंगरातून चालवत नेले. त्यांत बार्बरा कॅसल या बाईही होत्या. १९४९ साली कायदा झाला. त्या कायद्याने राष्ट्रीय उद्याने झाली, गावोगावच्या पायवाटांची नकाशावर नोंद करण्याचे काम सुरू झाले, आणि लांब पायवाटांनाही आधार मिळाला. मग जमीनमालकांशी बोलणी करता करता आणखी पंधरा-सोळा वर्षे गेली. २४ एप्रिल १९६५ रोजी मॅलमच्या माळावर सभा भरवून वाट खुली झाली. लेखापासून तीस वर्षे! आपल्या मंडळाची एखादी मागणी वर्षभर रेंगाळली तर आपण निराश होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता डोंगराकडे वळते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मॅलम कोव्ह पाहिला. गावापासून पाऊण मैलावर एकाएकी पांढऱ्या दगडाचा प्रचंड उभा कडा समोर येतो. उंची सुमारे ८० मीटर, आकार अर्धचंद्रासारखा, जणू एखादे देऊळ मधोमध कापून ठेवले आहे. पायथ्याच्या कपारीतून एक ओढा मुकाट्याने बाहेर येतो. वर पाण्याचा थेंब नाही. हिमयुग संपताना बर्फ वितळून जे लोंढे आले त्यांचा धबधबा या कड्यावरून कोसळत असे. पुढे पाणी जमिनीखाली गेले आणि कडा कोरडा पडला. २०१५ च्या डिसेंबरात मोठे वादळ होऊन इतका पाऊस झाला की, त्या दिवशी धबधबा पुन्हा वाहिला. जिवंत माणसांपैकी कोणी तो पूर्वी पाहिला नव्हता.

चारेकशे पायऱ्या चढून आम्ही कड्याच्या माथ्यावर गेलो. वर मोठी फरसबंदी पसरलेली. पण ती माणसाने केलेली नव्हे. सपाट पांढऱ्या दगडांच्या लाद्या, आणि लाद्यांमध्ये हात-दोन हात खोल भेगा. भेगांत वाकून पाहिले तर आत नेचे आणि नाजूक झाडे गारव्याला वाढलेली. वर मेंढ्या सर्व खाऊन टाकतात, पण भेगेत त्यांचे तोंड पोचत नाही, म्हणून ती वाचली!

हे सारे कसे होते, ते आपल्या स्वयंपाकघरातच पाहता येईल. आपल्या गिझरच्या दांडीवर आणि पाणी उकळण्याच्या भांड्यात पांढरा थर बसतो ना? तो चुन्याचाच. लिंबू किंवा व्हिनेगर घातले की तो फसफसून सुटतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होते. ते चुनखडीच्या बारीक चिरेत शिरले की दगड विरघळवीत जाते. हजारो वर्षांत चिरेची भेग होते, भेगेचे भुयार होते, आणि ओढेच्या ओढे जमिनीच्या पोटात गडप होतात. विरघळलेला चुना पुढे कोठे तरी पुन्हा साचतो, जसा आपल्या भांड्यात साचतो.

मॅलमच्या वर एक तळे आहे. चुनखडीच्या मुलखात तळे राहावे कसे? तर त्याच्या तळाशी पाणी न झिरपणारा दुसरा दगड आहे. तळ्यातून निघालेला ओढा थोडेसे अंतर जातो, चुनखडीवर पोचतो आणि गोट्यांमध्ये जिरून नाहीसा होतो. मी तिथे उभी राहून पाहिले. एका पावलावर खळखळते पाणी आणि चार पावलांवर कोरडे दगड! कोणीही म्हणेल की हेच पाणी खाली कोव्हच्या पायथ्याशी निघत असणार. तसे नाही. पाण्यात रंग वगैरे टाकून तपास केला तेव्हा कळले की, ते कोव्हला वळसा घालून मॅलम गावाच्याही खाली झऱ्यात निघते, आणि कोव्हखालचा ओढा दुसऱ्याच ठिकाणी जिरलेल्या पाण्याचा आहे. जमिनीखाली दोन्ही पाणवाटा एकमेकींना ओलांडून जातात. म्हणून चुनखडीच्या मुलखात एका जागी घाण टाकली तर ती कोणाच्या विहिरीत निघेल, याचा नेम नसतो. मातीतून पाणी गाळले जाते, भुयारातून ते जसेच्या तसे पुढे जाते. चुनखडीवर राहणाऱ्या सर्वांनी, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनीही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तिसऱ्या दिवशी पेनिगेंट डोंगर चढलो. मधला एक मोठा डोंगर आम्ही मोटारीने टाळला, हेही सांगून टाकते. साठी उलटलेल्या बाईने सगळेच शिखर सर केले असे आपल्याला वाटू नये. पेनिगेंटची उंची ६९४ मीटर. माथ्याजवळ दगडाची उभी चढण आहे, तिथे हातांचाही आधार घ्यावा लागतो. सूनबाई खालून माझ्या टाचेला हात लावून सांगत, "आता उजवा पाय, आई." जून महिना असून वर वारा असा बोचरा की, चंद्रपूरच्या जूनमध्ये वाढलेल्या माझ्या कानांना ऐकूच येईना. या डोंगराची घडण मोठी विशेष आहे. कमरेला चुनखडीचा पांढरा पट्टा आणि डोक्यावर वेगळ्याच खरबरीत वाळूच्या दगडाची टोपी. मला आपला माणिकगड पहाड आठवला. त्याच्याही पायथ्याशी चुनखडी आणि वर ज्वालामुखीचा काळा दगड. फरक वयाचा. तिकडची चुनखडी तेहेतीस-चौतीस कोटी वर्षांची. आपली त्याहून कितीतरी जुनी, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचलेली. तेव्हा पृथ्वीवर मासादेखील नव्हता. आपण ज्या दगडावरून रोज मोटारी नेतो तो इतका वृद्ध आहे!

डोंगर उतरून हॉर्टन गावी आलो. वाटेजवळ हल पॉट नावाचा प्रचंड खड्डा आहे. पावसाळी दिवसांत ओढा त्यात धबधब्यासारखा पडतो आणि तळाशी गुप्त होतो. हॉर्टनच्या शेजारीच चुनखडीची मोठी खाण आहे. पायवाट आणि खाण अशी शेजारी नांदताना पाहून मला बरे वाटले. आपण कोळशावर आणि विजेवर जगणारी माणसे. खाण नकोच, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण खाण असतानाही वाट शाबूत राहू शकते, एवढे तिथे दिसले. वाट नकाशावर नोंदलेली होती म्हणून ती राहिली.

चौथा दिवस सर्वांत लांब, हॉर्टन ते हॉज, बावीस किलोमीटर. ही वाट जुन्या काळी माल वाहणाऱ्या तट्टांच्या रांगांची. पुढचा काही भाग तर रोमन लोकांनी बांधलेल्या रस्त्यावरून जातो. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून याच प्रकारे डोंगर ओलांडीत. आज जिवतीच्या पहाडावर त्यांची पुष्कळ वस्ती आहे. चार-पाच तास वाटेवर माणूस दिसले नाही. दूरवर रिबलहेडचा चोवीस कमानींचा आगगाडीचा पूल दिसत होता.

भगिनींनो, माणसे समोरासमोर बसली म्हणजे बोलायला कठीण जाते. बरोबरीने चालताना डोळे वाटेवर असतात आणि तोंडातून शब्द आपोआप निघतात. त्या रस्त्यावर सूनबाईंनी मला त्यांच्या माहेरचे, नोकरीतल्या ओढाताणीचे आणि बाळंतपणात एकटीने काढलेल्या महिन्यांचे सर्व सांगितले. त्या वेळी यजमानांचे आजारपण होते, म्हणून मी जाऊ शकले नव्हते. त्यांनी ते मनात धरलेले नव्हते, पण विसरल्याही नव्हत्या. मग मी सांगितले, "मला इथे राहायचे नाही. तुमचे घर चांगले आहे, पण माझे घर तिकडे आहे. माझ्या ओळखीचे दूधवाले, भाजीवाले, मंडळाच्या मैत्रिणी, सर्व तिकडे. मुलाला कसे सांगू?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी सांगते त्यांना. तुम्ही दर वर्षी दोन महिने या. आपण वाटेचा पुढचा तुकडा चालू." आणि त्यांनी खरोखरच सांगितले. मुलगा दोन दिवस घुम्यासारखा राहिला, मग स्वतःच परतीचे तिकीट काढून आणले. इतकी वर्षे चुलीजवळ जे जमले नव्हते ते बावीस किलोमीटरांत जमले.

पाचव्या दिवशी हॉजजवळचा हार्ड्रॉचा धबधबा पाहिला आणि लीड्सला परतलो. नातवाने बापाबरोबर चार दिवस मजेत काढले होते. घर जागेवर होते!

आता आपल्याकडच्या गोष्टीकडे येते. आपल्याला चालणे नवे नाही. वारी तर आहेच. पण आपल्या शेजारी, आदिलाबादकडे, केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. जत्रेपूर्वी मेसराम कुळातले गोंड बांधव अनवाणी पायांनी गोदावरीकाठी हस्तिनामडुगूपर्यंत जातात, पाणी घेऊन तितकेच अंतर परत येतात, आणि पौष अमावास्येला त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. त्याच वेळी कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट करवितात. म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट आणि सून यांचा मेळ आपल्या मुलखात फार जुना आहे.

मात्र ऊर्जानगरच्या बायकांना चालायला जागा कोठे आहे, हा खरा प्रश्न आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि लागलीच दुर्गापूरला बिबट्याने एक मुलगा नेला. ते दिवस आपण विसरलेलो नाही. पहाटेचे फिरणे तेव्हापासून पुष्कळजणींचे सुटले ते सुटलेच. इंग्लंडमध्ये लोक गाईच्या कळपाला भिऊन वळसा घालतात, हे पाहून मला हसू आले होते; पण ते सुख आपल्याला नाही. वाघ आपला शेजारी आहे, आणि त्याच्या वेळा त्याला सोडून आपण आपल्या वेळा ठरविल्या पाहिजेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला, एकटीदुकटीने जाऊ नये. लख्ख उजेडात, दहा-बाराजणींनी मिळून, बोलत बोलत जावे. भीती वाजवी आहे. पण तिच्यापायी गुडघे आणि मन दोन्ही आखडू देणे बरे नव्हे.

दुसरा प्रश्न पहाडावरच्या बायकांचा. जिवतीच्या बाजूला कोलाम आणि गोंड बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी दूर जातात. गुड्यापासून झऱ्यापर्यंतची, सरपणाची, मोहफुलांची, माहेरची अशा त्यांच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या चालून पडलेल्या आहेत. त्या कागदावर आहेत काय? पुष्कळांना ठाऊक नसते की, आपल्याकडेही यासाठी जुनी सोय आहे. आपल्या भागात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन दस्तऐवज असतात, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात त्यांची तरतूद आहे. निस्तार पत्रकात गावाला गुरे चारणे, लाकूडफाटा वगैरेंची मुभा लिहितात. वाजिब-उल-अर्जात पाण्याची आणि वाटेची वहिवाट लिहितात. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला, आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा गावाने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला. इंग्लंडच्या वाटा नकाशावर आल्या तशा आपल्याही येऊ शकतात. कोणीतरी चिकाटीने विचारीत राहिले पाहिजे.

म्हणून मंडळापुढे मी दोन सूचना ठेवते. पहिली ही की, दर वर्षी आपली सहल बसमधून जाते, बसमधून येते आणि आपण बसमध्ये बसून खातो. येत्या थंडीत ती सहल पायी काढावी. गडचांदूरपर्यंत मोटारीने जावे आणि तिथून माणिकगडाच्या बाजूला झेपेल तेवढे चालावे. नागवंशी राजांचा तो किल्ला आहे. वाटेत विष्णूचे जुने देऊळ आहे. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि वाट दाखवायला तिथल्याच बायकांना योग्य मेहनताना देऊन सोबत घ्यावे. ज्यांचे पाय दुखतात त्यांनी एक मैल चालावे, बाकीच्यांनी पाच. माझ्यासारखा एखादा डोंगर मोटारीने टाळला तरी चालेल.

दुसरी सूचना ही की, बरोबर एक शंभर पानी वही घ्यावी. त्या बायकांना विचारून झऱ्यांची नावे, विसाव्याची झाडे, कोणती वाट कोठे जाते आणि कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे लिहून काढावे. मग त्यांच्याच बरोबर तलाठ्याकडे किंवा तहसिलीत जाऊन विचारावे की, यांतले वाजिब-उल-अर्जात काय काय आले आहे. नसेल तर अर्ज त्यांनी करावा, लिहिण्याची मदत आपण करावी. आपल्यापैकी कितीतरी जणींनी कार्यालयांत नोकऱ्या केल्या आहेत, टिपणे लिहिली आहेत. निवृत्तीनंतर त्या विद्येला गंज चढू देऊ नये.

जिच्या घरी मुलाने किंवा सुनेने "आई, चालायला येता का?" म्हणून विचारले असेल, तिने होय म्हणावे. आणि कोणी विचारले नसेल तर आपणच सुनेला विचारावे. सहलीसाठी नावे चिटणीसबाईंकडे या आठवड्यात द्यावीत. बूट मात्र आतापासून वापरून मऊ करून ठेवावेत. नवे बूट डोंगरात फार चावतात.